देवीनं राखलं, जांभ्यानंही

मित्राचा लेख पहिल्यांदा वाचला तो पुण्यात, आणि पटला. दुसऱ्यांदा वाचला तो श्रीवर्धन तालुक्यातल्या माझ्या आजोळी, मामाच्या पडवीत बसून. समोर मामी डाळिंब्या सोलत होती. तिथं तो लेख काही टिकला नाही.

आधीच सांगून टाकतो, मी देव मानत नाही. घरात देवघर आहे ते बायकोचं. माझा त्याच्याशी संबंध गणपतीत दुर्वा आणून देण्यापुरता. मित्र भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आमची चाळीस वर्षांची मैत्री याच अश्रद्धेवर पोसलेली. तेव्हा हे भांडण घरातलं आहे. त्यानं नाव न घेता ज्या कुटुंबावर लिहिलं ते माझ्या मामाचं, आणि त्याला तिथं घेऊन गेलो होतो मीच. नवसाच्या जेवणाला. भात, वालाचं बिरडं आणि तांदळाची खीर. खीर त्यानं दोनदा मागून घेतली, हे लेखात आलेलं नाही.

काय घडलं ते आधी बघू, कारण लेखात ते चार ओळींत उरकलंय. २०२० च्या ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरून गेली होती : कच्च्या घरातल्यांनी शाळेत चला. पण शाळेत मुंबईहून आलेल्या माणसांचं विलगीकरण चालू होतं. घरात सात माणसं. त्यात शहाऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली आजी, आणि मार्चमध्येच मुंबईहून आलेले मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आजीला कोरोनाच्या शाळेत कसं न्यायचं, या घोळात रात्र गेली. सकाळी वीज गेली. अकरानंतर बाहेर पाय टाकायची सोय राहिली नाही.

पडवीवरचे पत्रे आधी वाजले, मग उचकटले, मग दिसेनासे झाले. मामीनं सगळ्यांना देवघरात कोंबलं. आठ बाय सहाची खोली, जांभ्याच्या दीड फुटी भिंती, वर जुना सागवानी माळा. आजीला गादीसकट ओढत आणलं. एकाएकी वारा बसला. इतका की गोठ्यातल्या गाईचं हंबरणं ऐकू आलं, आणि मामा गोठ्याकडे निघाला. मामेभावानं त्याचा सदरा मागून धरला. वादळाचा मधला डोळा डोक्यावर आला की शांत होतं आणि मग उलट्या बाजूनं वारा येतो, हे त्यानं आदल्या रात्रीच मोबाईलवरच्या एका व्हिडिओत पाहिलं होतं. ओढाताण चालली असतानाच वारा आला. उलटाच. मागच्या वाडीतला माड माजघरावर आडवा झाला. कौलं, रिपा, वासे सगळं खाली. माळ्याचं एक तुळवट कडाडलं, पण धरून राहिलं. त्या वेळी मामी मोठ्यानं देवीला गाऱ्हाणं घालत होती : सातही जणं जितीजागती राहिली तर साडीचोळी आणि गावाला जेवण.

सातही राहिली. मामी म्हणते, देवीनं राखलं.

मित्र म्हणतो, जांभ्यानं राखलं. त्याचा सगळा लेख या एका वाक्याभोवती फिरतो आणि वाक्य जोरदार आहे, यात शंका नाही. लहान खोली, जाड भिंती, खिडकी नाही म्हणजे वारा आत शिरून छप्पर उचलायची भीती कमी, वर माळा म्हणजे दुसरं छप्पर. यात देवीचा संबंध कुठं आला? देवघराऐवजी तिथं कोठीची खोली असती तरी हेच झालं असतं.

बरोबर. फक्त त्यानं असं धरलंय की मामीला हे ठाऊक नाही. खीर मागायला तोंड उघडलं, तेव्हाच हेही विचारता आलं असतं. मी विचारलं, देवघरातच का गेलात? डाळिंबीवरची नजर न काढता ती म्हणाली, “वर माळा आहे, खिडकी नाही. आणि देव पण तिथंच.” या क्रमानं म्हणाली. माझ्या मित्राला जो शोध लावायला पदार्थविज्ञान लागलं, तो तिला पत्रे उडण्याआधीच लागलेला होता. ‘देवीनं राखलं’ हे वाक्य ती भिंतीच्या जागी ठेवत नाही. भिंतीचं श्रेय तिनं भिंतीला दिलंय, व्हिडिओचं मुलाला दिलंय, आणि सगळं देऊनही काहीतरी शिल्लक उरलं ते तिनं देवीच्या पायाशी नेऊन ठेवलं.

हे शिल्लक काय असतं, ते मराठीत बघावं. ‘वाचलो’ या क्रियापदाला कुणी वाचवणारा लागत नाही. नुसतं वाचता येतं. पण आभार मानायचे तर समोर कुणीतरी लागतं. आणि ‘राखणं’ म्हणजे तर वाचवणं नव्हेच. राखण असते शेताची, गुरांची. कोकणात गावाला राखणदार असतो. राखण्या मचाणावर रात्रभर जागतो, तरी रानडुक्कर एक कोपरा खाऊन जातं. म्हणून सकाळी कुणी म्हणत नाही की मचाणावर माणूस नव्हता. मामीच्या वाक्यात देवी ही अभियंता नाही, विमा कंपनी नाही. ती जागी होती, एवढंच म्हणणं आहे. मित्रानं या शब्दाचं आधी आपल्या मनात ‘कार्यकारणभाव’ असं भाषांतर केलं, आणि मग त्या भाषांतराला खोडून काढलं.

आता त्याचा खरा हुकमी पत्ता. त्यानं प्राचीन ग्रीसमधल्या डायगोरसची गोष्ट सांगितली आहे. सिसेरोच्या ग्रंथात ती येते. नास्तिक म्हणून प्रसिद्ध असलेल्या डायगोरसला त्याच्या एका मित्रानं देवळातली चित्रं दाखवली : वादळातून सुखरूप आलेल्या खलाशांनी नवस फेडायला लावलेली. बघ, इतके वाचले. डायगोरस म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठं आहेत? दोन हजार वर्षं झाली, या प्रश्नाची धार गेलेली नाही. ती मित्रानं मामीच्या गळ्याला लावली : तुम्हाला देवीनं राखलं, मग शेजाऱ्यांना का नाही?

शेजारी म्हणजे पलीकडच्या वाडीतले काका. त्यांच्या कमरेवर वासा पडला. तेव्हापासून ते आपल्या पायांनी उठलेले नाहीत. घर पूर्ण गेलं, पोफळी एकजात झोपल्या. प्रश्न रास्त आहे आणि त्यावर कुठल्याही आस्तिकाकडं मला समाधान होईल असं उत्तर नाही. पण देवीनं आम्हाला निवडलं आणि त्यांना टाकलं, असं मामी म्हणते, हे कुणी सांगितलं? नवसाच्या दिवशी मामीबरोबर देवळात देवीची ओटी भरायला कोण उभं होतं? त्याच काकू. नवऱ्याला घरी खाटेवर ठेवून आल्या होत्या. त्यांनीही त्या दुपारी गाऱ्हाणं घातलं होतं, आणि त्याही फेडत होत्या. मित्र तिथं होता. हिरवं लुगडं नेसलेल्या दोन बायका त्यानं पाहिल्या. दुसरी कोण, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर डायगोरस त्याला पुण्यालाच परत पाठवावा लागला असता. कारण बुडालेल्याचं चित्र इथं लावलेलं होतं. त्याच भिंतीवर, शेजारीच.

नवस हा शब्दही पैशाच्या भाषेतला आहे. तो बोलतात आणि फेडतात. कर्ज फेडावं तसा. तुकोबांनी नवसाची टर उडवली, आणि ती टर मलाही आवडते. पण फेडलेल्या कर्जाची पावती म्हणजे सावकार असल्याचा पुरावा, असं मामी कुठं म्हणते? पुराव्याची मागणी मित्राची आहे. मामीला फक्त देणं ठेवायचं नव्हतं.

मित्रानं डायगोरस अर्धाच सांगितला, हीदेखील माझी तक्रार आहे. सिसेरोनं लगेच दुसरी गोष्ट दिली आहे. डायगोरस जहाजावर असताना तुफान आलं. खलाशी कुजबुजले : या पाखंड्याला घेतलं म्हणून हे भोगतोय. त्यानं समुद्रावर त्याच तुफानात हेलकावणारी दुसरी जहाजं दाखवली आणि विचारलं, त्यांच्यावरही एकेक डायगोरस आहे का? ही दुसरी गोष्ट आमच्या गावाला खरी लागू होती. कारण ‘पापामुळं वादळ आलं’ म्हणणारा एक गृहस्थ गावात होता; बायका देवळाच्या पायरीवर बसतात इथपासून मुंबईकरांनी रोग आणला इथपर्यंत त्याची यादी होती. त्याला झोडपायला मी मित्राच्या पुढं दोन पावलं असतो. महात्मा गांधींनीसुद्धा १९३४ चा बिहारचा भूकंप हा अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं लिहिलं तेव्हा रवींद्रनाथांनी त्यांना जाहीरपणे खोडलं, आणि गांधींनी तो प्रतिवाद स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापला. तिथं रवींद्रनाथ बरोबर होते. कारण ‘शिक्षा’ म्हटलं की मेलेल्यावर आरोप होतो. ‘राखलं’ म्हटल्यानं मेलेल्यावर काहीही येत नाही. ही दोन वाक्यं एकाच पोत्यात घालून मित्रानं पोतं समुद्रात सोडलं. त्यात माझी मामी बुडाली आणि तो यादीवाला गृहस्थ मात्र लेखात कुठंच नाही! त्याच्याकडं खीर नव्हती, हे कारण असावं.

लेखात नरेंद्र दाभोलकरांचं नाव दोनदा आलंय. दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं चालणाऱ्या शोषणाला आहे. २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदाही नवस बोलणाऱ्याच्या मागं लागत नाही. माणसाला लुबाडणाऱ्याच्या, इजा करणाऱ्याच्या मागं लागतो. मामीला कुणी लुबाडलं? गुरवानं नारळ आणि अकरा रुपये घेतले. साडी देवीला नेसवून झाल्यावर प्रसाद म्हणून गावातल्या एका नव्या नवरीला मिळाली.

आता जेवणाचा खर्च. मित्राचा सगळ्यात टाळ्याखाऊ परिच्छेद हाच : छपरावर अजून निळी ताडपत्री आणि गावजेवणाला चाळीस हजार! आकडा बरोबर आहे, मीच दिला. पण पानावर कोण बसलं होतं? वादळानंतर पहिले चार दिवस वाटेतले माड करवतीनं कापून रस्ता मोकळा करणारी खालच्या आळीतली पोरं. आजीला कावडीसारखं उचलून डॉक्टरकडं नेणारे दोघं. आमच्याकडं वीज यायला महिना उलटला. त्या महिन्यात पावसात खांब उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या लाईनमनांना ज्या घरांनी भाकऱ्या पुरवल्या, ती घरं. त्या कामाची मजुरी कुणी घेतली नव्हती, आणि दिली असती तर भांडण झालं असतं. ते देणं फेडायचं कसं? देवीच्या नावानं फेडलं की कुणाला मिंधं वाटत नाही. मित्रासारखा हिशेबी माणूस याला उधळपट्टी म्हणतो, याचं मला नवल वाटतं.

आणि ताडपत्री होती, कारण भरपाई काय मिळाली ते बघा. सरकारनं फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. पण श्रीवर्धनच्या वाड्या हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. हेक्टरला साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. मामाची वाडी सहा गुंठ्यांची. तीन हजार! त्या सहा गुंठ्यांत माड होते, पोफळी होत्या, पोफळीवर चढवलेली मिरी होती, खाली जायफळ होतं. एकावर एक तीन मजली शेती. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव दूरवर आहे. ती पोफळ आज लावली तर धरायला सहा-सात वर्षं, माडही तसाच. हेक्टरचं माप ज्या जमिनीला बसतं ती जमीन कोकणच्या किनाऱ्यावर नाही, एवढं साधं गणित करायला तरी लेखात जागा हवी होती. एका बाईनं देणं फेडलं यावर दोन पानं आणि ज्यांचं देणं राहिलं त्यांच्यावर एक ओळही नाही, याला मी विवेकवाद म्हणायला तयार नाही.

शेवटचा मुद्दा मित्रानं जड अंतःकरणानं मांडलाय, म्हणून त्याला जास्त मान देतो. त्याची भीती अशी : देवीनं राखलं असं एकदा मनानं घेतलं की पुढच्या वेळी माणूस इशारा ऐकणार नाही. इथं त्यानं ओडिशा आणला आहे, आणि तो आणायलाच हवा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवलेलं होतं, आणि मृतांचा आकडा काही डझनांतच राहिला. जगन्नाथ तोच होता, मित्र लिहितो. बदललं ते हवामान खातं, निवारे आणि प्रशासन. शंभर टक्के मान्य. फक्त तारीख पुन्हा एकदा बघावी. १२ ऑक्टोबर २०१३ म्हणजे दुर्गापूजेतली अष्टमी. वर्षातला एक मोठा सण, मांडव घातलेले, मूर्ती बसलेल्या, आणि लाखो भाविक लोक इशारा ऐकून सरळ निवाऱ्यात गेले. देवीची मूर्ती मांडवात सोडून गेले. श्रद्धा पाय बांधते असं म्हणायचं असेल तर यापेक्षा वाईट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आमच्या गावाचंही सांगतो. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. मामेभावानं आदल्या दिवशी दुपारीच आजीला खुर्चीसकट उचलून चुलत्यांच्या स्लॅबच्या घरात नेलं. मामी निघताना देवाजवळ दिवा लावायला थांबली. दोन मिनिटं. मित्राच्या सिद्धांतानुसार ती घरीच बसायला हवी होती. पहिल्या खेपेला ती घरी बसली ती देवीच्या भरवशावर नव्हे. एकाच इमारतीत रोगाचं विलगीकरण आणि वादळाचा निवारा ठेवला होता म्हणून. हे लेखात यायला हवं होतं. पण त्यात श्रद्धेचा दोष निघत नाही, नियोजनाचा निघतो.

मित्रावर अन्याय नको. त्याचं एक वाक्य मला अजून टोचतं आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही : पुतणी आजारी पडली तेव्हा याच कुटुंबानं दोन दिवस अंगाऱ्यावर काढले होते. काढले होते. त्या दोन दिवसांचं समर्थन मी करणार नाही. त्या वेळी मी फोनवर मामावर ओरडलो होतो. तिथं देवी आणि डॉक्टर यांच्यात निवड केली गेली, आणि चुकीची केली गेली. वादळात तशी निवड झालीच नव्हती. हा फरक ज्याला दिसत नाही त्याला अंगारेवाल्याशी भांडतासुद्धा येणार नाही, कारण गावातला माणूस त्याचं ऐकूनच घेणार नाही. वादळानंतर दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. देवळामागचा वड उन्मळून पडलेला. बायकांनी आडव्या पडलेल्या खोडाला सूत गुंडाळलं, वाकून, चिखलात पाय देऊन. मित्रानं यावर कोटी केली : जो स्वतः उभा राहिला नाही तो नवरा काय राखणार. मी हसलो. मामी हसली नाही, पण रागावलीही नाही. म्हणाली, “पडलाय म्हणून सोडायचा का?”

लेख मामानं वाचला. घडी घालून कॅलेंडरमागं ठेवला. बोलला काही नाही. मला चहा मात्र नेहमीपेक्षा कमी गोड मिळाला.

गेल्या हिवाळ्यात घराचं काम निघालं. सगळ्या घरावर स्लॅब टाकायची ऐपत नव्हती. एकाच खोलीवर होणार होता. मामा म्हणाला माजघरावर, मोठी खोली आहे. मामी म्हणाली देवघरावर, पुढच्या खेपेलाही तिथंच बसायचंय. देवघरावर ठरलं. गुरवानं सोमवारचा मुहूर्त काढला. शनिवारी मामेभावानं मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाज दाखवला : सोमवारी अवकाळी पाऊस. मामी देवळात जाऊन आली आणि गवंड्याला निरोप धाडला, बुधवारी ये. मुहूर्ताचं काय, असं मी विचारलं.

“देवीला सांगितलं,” ती म्हणाली, “पावसात सिमेंट धरत नाही.”